आठ सिलिंडर आणि सात टन स्लरी

मालवण शहराचा एका दिवसाचा सगळा ओला कचरा टाकीत घालून त्याचा गॅस केला, तर किती चुली पेटतील? हा हिशेब कागदावर मांडता येतो आणि तो आधीच मांडलेला बरा. ‘कचऱ्यातून इंधन’ हे दोन शब्द कानावर पडले की माणसं फार लवकर स्वप्नं बघायला लागतात.

२०११ च्या जनगणनेत मालवणची लोकसंख्या १८,६४८ होती. माणशी दोनशे ग्रॅम ओला कचरा धरू. त्यात भाजीची सालं-देठं, उष्टं-खरकटं, माशांची डोकी आणि खवलं, चहाचा चोथा हे सगळं आलं. लहान शहरासाठी हा आकडा सढळ हातानेच धरलेला आहे. त्याचे दिवसाला साधारण पावणेचार टन होतात. आता इंदूरकडे बघू. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी तिथे जो गोबर-धन प्रकल्प सुरू झाला त्याची क्षमता रोज ५५० टन ओला कचरा घेऊन १७,००० किलो बायो-सीएनजी देण्याची आहे. टनामागे सुमारे एकतीस किलो. या दराने मालवणच्या वाट्याला दिवसाचे ११५ किलो येतात. वजनाला वजन लावलं तर हा गॅस आणि घरगुती एलपीजी यांच्या उष्णतेत फार फरक नाही. म्हणजे १४.२ किलोचे आठ सिलिंडर. चार माणसांच्या घराला एक सिलिंडर महिनाभर पुरतो असं मानलं तर महिन्याला २४० घरांची सोय झाली. मालवणात अशी घरं साडेचार हजारांवर आहेत. एकूण वीस घरांच्या कचऱ्यावर एका घराचा स्वयंपाक होतो, आणि तोही कचऱ्याचा कण न् कण टाकीपर्यंत पोचला तर.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग एवढा खटाटोप कशाला? कारण हाच कचरा उघड्यावर ढिगात कुजला तरी त्यातून मिथेन निघतोच. फक्त तो चुलीत जळण्याऐवजी हवेत जातो, आणि शंभर वर्षांच्या मोजमापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीस पट उष्णता अडवतो. शिवाय ढिगाखालून झिरपणारं काळं पाणी, कुत्री, माश्या आणि वास. कचरा नीट हाताळणं हे मूळ काम आहे. गॅस ही वरकड कमाई. ज्या योजना वरकड कमाईलाच मूळ काम समजून उभ्या राहिल्या, त्यांचे सांगाडे महाराष्ट्रात बऱ्याच शहरांच्या वेशीवर दिसतात.

तंत्र नवं नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ मध्ये मैल्यापासून निघणारा गॅस वापरात आणला गेला होता. पुढे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या तरंगत्या लोखंडी टोपाच्या गोबरगॅसने गावोगावी पाय रोवले आणि १९८० च्या दशकात जमिनीत बांधलेलं, घुमटाचं ‘दीनबंधू’ आलं. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी एक वेगळाच मुद्दा मांडला. शेण हे गाईने आधीच पचवलेलं अन्न आहे, त्यातला सोपा भाग तिने स्वतःसाठी काढून घेतलेला असतो, तर मग जंतूंना थेट अन्नच का देऊ नये? एकात एक बसणाऱ्या दोन प्लास्टिकच्या टाक्यांचं त्यांचं छोटं संयंत्र गच्चीत किंवा परसात मावतं. त्याला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. संस्थेचा दावा असा की दोन किलो पिष्टमय किंवा साखरेच्या पदार्थापासून जेवढा गॅस मिळतो, तेवढ्यासाठी शेण चाळीस किलो लागतं. दावा खरा आहे, पण तो कोरड्या पिठाला लागू पडतो. दुधीच्या सालीत ऐंशी-नव्वद टक्के पाणीच असतं. घरातल्या मिश्र ओल्या कचऱ्याचा किलोमागे शंभर लिटरच्या आसपास गॅस धरावा, ताज्या शेणाचा चाळीस लिटर.

टाकीत काय घडतं ते थोडं खोलात बघायला हवं, कारण पुढच्या बहुतेक अडचणी तिथूनच निघतात. बंद टाकीत, हवेशिवाय, जंतूंच्या दोन टोळ्या एकामागून एक कामाला लागतात. पहिली टोळी भात, भाजी, मासळी यांचे मोठे रेणू फोडून त्यांची साखर, अमिनो आम्लं आणि शेवटी ॲसेटिक आम्लासारखी साधी आम्लं करते. दुसरी टोळी ती आम्लं खाऊन मिथेन सोडते. पहिली टोळी उतावळी आहे, काही तासांत दुप्पट होते. दुसरी संथ. तिला दुप्पट व्हायला कित्येक दिवस लागतात, तिला ना आंबटपणा सोसतो ना अचानक आलेला बदल. टाकीचा सामू साधारण ६.८ ते ७.४ च्या दरम्यान राहिला तर दोघींचं जमतं. एका दिवशी नेहमीच्या तिप्पट भात टाकला की आम्ल साचतं, मिथेनवाल्या गप्प बसतात आणि टाकीतून फक्त कार्बन डायऑक्साइड आणि आंबूस वास येतो. हा गॅस पेटत नाही. घरातली बाई काडी ओढून ओढून कंटाळते आणि दुसऱ्या दिवशी सिलिंडर लावते. बिघडलेली टाकी ताळ्यावर आणायला तिला काही दिवस उपाशी ठेवावं लागतं आणि शेणाचं नवं विरजण घालावं लागतं.

उष्णतेच्या बाबतीत कोकण नशीबवान आहे. या जंतूंना पस्तीस अंशांच्या आसपास सर्वांत बरं वाटतं, आणि पारा दहा अंशांनी उतरला की कामाचा वेग जवळपास निम्मा होतो. हिमाचलात थंडीत गोबरगॅस मान टाकतो तो यामुळे. मालवणात थंडीच्या रात्रीही जमिनीतली टाकी फारशी गार पडत नाही. पावसाळ्यात मात्र उघड्यावरच्या टाक्या धारेखाली थंडावतात आणि ऐन श्रावणात गॅस कमी झाल्याची तक्रार येते. वर नुसतं पत्र्याचं छप्पर असलं तरी बराच फरक पडतो.

आता मालवणी स्वयंपाकघर. कचऱ्यावरचे बहुतेक अभ्यास ज्या स्वयंपाकघरांवर झाले, तिथे बटाट्याची सालं आणि पावाचे तुकडे असतात. इथे पेडवे, बांगडे, सुंगटं, तिसऱ्या, कालवं, भात, सोलकढीचा चोथा, नारळ आणि पुन्हा नारळ. हा कचरा टाकीला कसा मानवतो?

भात उत्तम, पण एकटा नको. नुसत्या भाताने टाकी आंबट होते. मासळीत प्रथिनं, म्हणजे नायट्रोजन जास्त. तिच्यात कार्बनच्या मानाने नायट्रोजन इतका भरलेला असतो की नुसत्या मासळीवर चालवलेल्या टाकीत अमोनिया साचतो आणि मिथेनवाल्या टोळीला विष होतो. जंतूंना कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण वीस-तीसास एक असं हवं असतं. शेण स्वतःच त्याच्या जवळपास असतं, म्हणून ते इतकं भरवशाचं. गंमत अशी की भात आणि मासे एकत्र गेले तर एकाचं आम्ल दुसऱ्याचा अमोनिया मारतो. मालवणी माणसाचं ताट जसं जमतं तसं टाकीचंही जमतं, मात्र भात आणि मासे रोज थोडेथोडे, एकाच मापात जायला हवेत. रविवारी मासे, सोमवारी उपवास आणि मंगळवारी पुन्हा माशांचा डोंगर हे तिला चालत नाही.

मासळीबरोबर गंधकही येतं. त्याचा हायड्रोजन सल्फाइड होतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. तो नळाच्या पितळेला, इंजिनाच्या नळकांड्याला, बर्नरला खातो. लोखंडाच्या किसाच्या डब्यातून गॅस सोडला तर बराचसा तिथे अडकतो, पण तो किस वेळेवर बदलणारा माणूस लागतो. आणि मालवणच्या खाऱ्या हवेत लोखंडाचं जे होतं ते कुठल्याही होडीवाल्याला विचारावं. आतून गंधक आणि बाहेरून मीठ यांच्या कैचीत सापडलेले जुने लोखंडी टोप किनाऱ्यावर फार टिकत नाहीत. इथे फायबरचा टोप किंवा जमिनीतला पक्का घुमटच बरा. तो महाग पडतो हे खरं, पण दुसऱ्यांदा घ्यावा लागत नाही.

तिसऱ्या आणि कालवांच्या शिंपा म्हणजे चुनखडी. त्या कुजत नाहीत, तळाला बसतात आणि वर्षा-दोन वर्षांत टाकीची जागा खातात. त्या वेगळ्या काढून माडाच्या बुंध्यात टाकणं हा जुना रिवाजच योग्य. सुंगटाची टरफलं कुजतात, पण अतिशय सावकाश. नारळाची सोडणं, करवंट्या आणि चुडतं टाकीत मुळीच नकोत. त्यातलं लिग्निन हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंना फुटत नाही, सोडणं वर तरंगून जाड साय धरतात आणि खालचा गॅस अडवतात. त्यांच्यासाठी कोकणात शेकडो वर्षांपासून दुसरं यंत्र आहेच. न्हाणीघराची चूल सोडणं आणि चुडतं खाऊन आंघोळीचं पाणी तापवते. घरगुती जैवइंधनाचा जिल्ह्यातला सर्वांत मोठा प्रकल्प बहुधा तोच असावा. त्याला कधी अनुदान मागावं लागलं नाही.

मीठ हा मुद्दा किनाऱ्यावर वेगळा सांगायला हवा. टाकीतल्या द्रावात लिटरमागे साडेतीन-चार ग्रॅमहून जास्त सोडियम झालं की जंतू मंदावतात, आठ ग्रॅमच्या आसपास जवळजवळ थांबतात. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला दहा ग्रॅमहून अधिक असतं. घरच्या जेवणातल्या मिठाने हा टप्पा सहसा येत नाही. पण खाऱ्या बांगड्याचं धुवण रोज टाकीत गेलं आणि कचरा कालवायला विहिरीचं मचूळ पाणी वापरलं तर दोन्ही मिळून येऊ शकतो. देवबागसारख्या गावात, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी असलेल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर, उन्हाळ्यात विहिरी मचूळ होतात ही नेहमीची गोष्ट. गॅस मिळावा म्हणून तिथे कुणी गोडं पाणी टाकीत ओतणार नाही, आणि ओतूही नये. टाकीतून बाहेर पडलेलं पाणी गाळून पुन्हा कचरा कालवायला वापरावं म्हटलं, तर दर फेरीला मीठ आणखी साचतं. दक्षिण कोरियाने हाच त्रास मोठ्या प्रमाणावर भोगला. रसदार, खारट जेवणाचा देश. २००५ पासून तिथे अन्नाचा कचरा जमिनीत पुरायला बंदी आहे आणि २०१३ पासून त्याचं पाणी समुद्रात सोडायलाही. घरटी वजनावर पैसे घेऊन त्यांनी जवळजवळ सगळा अन्नकचरा गोळा करून दाखवला, तरी त्याच्या खारटपणाचा प्रश्न खत आणि पशुखाद्य करणाऱ्यांच्या मागे लागलेलाच राहिला.

इथवरचं सगळं एका टाकीपुरतं, आणि शहाण्या माणसाच्या हाताखाली सुटणारं. ‘मोठ्या प्रमाणावर’ म्हटलं की प्रश्न टाकीतून बाहेर, रस्त्यावर येतो.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘सतत’ नावाची योजना आणली. पाच हजार प्रकल्प, त्यांतून वर्षाला दीड कोटी टन दाबलेला बायोगॅस, तेल कंपन्यांनी तो ठरल्या भावाने, सुरुवातीला किलोला ४६ रुपयांनी, विकत घ्यायचा. भागाकार केला तर एका प्रकल्पाने सरासरी दिवसाला आठ टन गॅस द्यायला हवा. इंदूरच्या दराने त्यासाठी रोज अडीचशे टनांहून जास्त ओला कचरा लागेल. योजना उद्दिष्टापासून आजही खूप दूर आहे, आणि त्याचं एक कारण या भागाकारातच आहे. एवढा निवडलेला कचरा एका जागी देणारी शहरं देशात मोजकी.

सिंधुदुर्ग हा तर दुसऱ्याच टोकाचा जिल्हा. रत्नागिरीतून १ मे १९८१ ला वेगळा झाला, क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर, २०११ ला लोकसंख्या ८,४९,६५१, आणि तीही दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी झालेली. त्यात शहरात राहणारे जेमतेम आठवा हिस्सा, एक लाखाच्या थोडे वर. माणशी दोनशे ग्रॅमच्याच मापाने त्यांचा सगळा ओला कचरा वीस-एकवीस टन भरतो. तो मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी, कणकवली, कुडाळ, देवगड-जामसंडे अशा गावांत विखुरलेला, आणि गावांमध्ये खाड्या, घाट्या, वळणं. ऐंशी टक्के पाणी असलेला माल डिझेल जाळून तीस-चाळीस किलोमीटर न्यायचा, त्यातून टनाला तीस किलो गॅस काढायचा आणि मग त्या गॅसला बायो-सीएनजी म्हणायचं, हा व्यवहार कागदावरही टिकत नाही.

उरलेली सात हिस्से माणसं खेड्यात राहतात. त्यांच्याकडे ओला कचरा, शासकीय अर्थाने, उरतच नाही. पेज आणि भाताचं धुवण गोठ्यात जातं, माशांची डोकी मांजराला, देठं कोंबड्यांना, राहिलेलं मागीलदारच्या केळीला किंवा माडाच्या आळ्यात. या घरांकडून कचरा गोळा करण्याची योजना कुणी आखली तर ती चालू व्यवस्था मोडण्याची योजना होईल. खेड्यात इंधनाचा कच्चा माल गोठ्यात आहे. एक गाय दिवसाला दहा किलो शेण देते, म्हणजे चारशे लिटर गॅस, दीड-दोन तासांची शेगडी. चार माणसांच्या स्वयंपाकघरातला ओला कचरा देतो ऐंशी लिटर, फार तर वीस मिनिटं. एक गाय पाच स्वयंपाकघरांच्या बरोबरीची.

कुडाळ तालुक्यातल्या झारापच्या ‘भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठान’ने, डॉ. प्रसाद देवधर यांच्या पुढाकाराने, हे फार आधी ओळखलं. जिल्ह्यात त्यांनी हजारो घरांच्या दारात गोबरगॅस उभे केले. यातला एकही संच मोठा म्हणता येणार नाही. पण मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन म्हणजे एकच मोठी टाकी, ही समजूत बाजूला ठेवली तर सिंधुदुर्गात ते झालेलंच आहे. वाहतूक शून्य, कालवायला माणूस घरचा, गॅस घरच्याच चुलीला, स्लरी घरच्याच बागेला. हजार संच रोज चारशे लिटर देत असतील तर तो चारशे घनमीटर गॅस, मालवणच्या सगळ्या ओल्या कचऱ्याच्या गॅसहून जास्तच. धोका वेगळीकडे आहे. पोरं मुंबईला गेली, म्हातारी माणसं उरली, गुरं विकली गेली की शेणाअभावी संच कोरडा पडतो. तिथे स्वयंपाकघरातला कचरा आणि शेजाऱ्याच्या गोठ्यातली एक पाटी शेण यांवर तो अर्ध्या ताकदीने चालवता येतो, पण त्यासाठी शेजाऱ्याशी बोलणं असावं लागतं.

मग शहरांचं काय? उदाहरण शोधायला जिल्ह्याबाहेर जायला नको. बारा हजारांच्या आसपास वस्तीच्या वेंगुर्ल्याने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घरोघरी कचरा वेगळा करायला लावला. पुढे तर तो सत्तावीस प्रकारांत निवडला जाऊ लागला. ओल्याचा बायोगॅस, प्लास्टिकचे तुकडे करून डांबरी रस्त्याला, पालापाचोळ्याच्या कांडी कोळशासारख्या विटा. जिथे कचऱ्याचे ढीग होते त्या जागेला ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’ असं नाव मिळालं आणि शाळांच्या सहली तिथे येऊ लागल्या. तिथल्या बायोगॅसची क्षमता लहानच. पण वेंगुर्ल्याने जे मिळवलं त्यात टाकीचा वाटा कमी आणि बादल्यांचा जास्त होता. ओल्यात एक डायपर, एक दुधाची पिशवी, थोडी काच गेली की टाकीच्या तोंडाशी बसवलेलं दळण यंत्र अडतं, आणि ते सोडवायला कुणाला तरी हात घालावा लागतो. इंदूरचा आकडा डोळ्यांत भरतो, पण त्यामागे लाखो घरांत आधीच वेगळा केलेला कचरा आहे. हे निवडणं घरात कोण करतं? बहुतेक वेळा बाईच. पालिकेच्या अहवालात मात्र तिचं काम ‘नागरिकांचा सहभाग’ या नावाने येतं.

जवळचं दुसरं टोक म्हणजे गोवा. बार्देश तालुक्यातल्या साळगावचा प्रकल्प २०१६ मध्ये दिवसाला शंभर टनांपासून सुरू झाला, पुढे अडीचशे टनांपर्यंत वाढवला गेला. मिश्र कचरा यंत्रांनी आणि हातांनी निवडायचा, ओल्याचा गॅस, गॅसची वीज. कळंगुट-बागा-कांदोळीच्या दाटीने त्याला कच्चा माल पुरवला. तारकर्ली-देवबागला हॉटेलं आणि न्याहारी निवास वाढताहेत म्हणून कुणी साळगावचं स्वप्न पाहत असेल, तर त्याने हंगाम बघावा. मे अखेरीस समुद्रातले जलक्रीडेचे प्रकार बंद होतात ते ऑगस्टअखेरपर्यंत. दिवाळी, नाताळ, मे या दिवसांत खोल्या भरून वाहतात आणि जून-जुलैत कुलपं. गणपतीत उलटा प्रकार. हॉटेलं ओस आणि घरं चाकरमान्यांनी भरलेली, आठ-दहा दिवस मोदक, खीर, केळीची पानं, निर्माल्य. मग आंगणेवाडीची जत्रा, कुणकेश्वरची जत्रा. जंतूंच्या संथ टोळीला ही उड्या मारणारी चाल सोसत नाही. हॉटेलांच्या पट्ट्यात दोन-तीन टनांची टाकी चालवायची तर तिच्या शेजारी एखादा गोठा हवा, म्हणजे पावसाळ्यात शेणावर जंतू जिवंत राहतील आणि हंगामात अन्नाचा भार हळूहळू चढवता येईल. आपल्याकडच्या प्रकल्प अहवालांत हंगामाचं पान क्वचितच असतं. तिथे बाराही महिने सारखेच धरलेले असतात.

काजूचं बोंड हेही इथे आठवतं. बीच्या सहा ते आठ पट वजनाचं, साखरेने भरलेलं, फेब्रुवारी ते मे या काळात परसापरसात झाडाखाली सडणारं. सीमेपलीकडे त्याची फेणी होते. टाकीला ते चालतं, पण शेणाबरोबर आणि बेताने. तीन महिन्यांच्या मालासाठी बारमाही प्रकल्प उभारू नये. तळणाच्या तेलाचा हिशेब वेगळा. टाकीत गेलं तर ते जंतूंभोवती थर धरतं, डब्यात वेगळं ठेवलं तर त्याचं बायोडिझेल होतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून वारंवार तापवलेल्या तेलाला मर्यादा घातली आणि असं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची मोहीम काढली. रोज सुरमई आणि सुंगटं तळणाऱ्या मालवणच्या खानावळींत ते निघत असणारच. डबे दर आठवड्याला उचलणारं कुणी असलं तर घरगुती कचऱ्यातलं सर्वांत सोपं द्रव इंधन ते आहे.

लोकांच्या नाकाचाही विचार करावा लागतो. पुण्यात बाणेर-सूस रस्त्यावरच्या ओल्या कचऱ्याच्या प्रकल्पावरून रहिवासी हरित लवादाकडे गेले. लवादाने २०२० मध्ये तो बंद करायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो आदेश रद्द केला, पण दुर्गंधी रोखण्याचे उपाय बजावूनच. चार वर्षं प्रकल्पाच्या डोक्यावर टांगती तलवार. चांगल्या चालणाऱ्या बंद टाकीला वास जवळजवळ नसतो. वास येतो तो टाकीत जाण्याआधी साचून राहिलेल्या कचऱ्याला. माशांच्या कचऱ्याला तर दुपारपर्यंतही धीर नसतो, म्हणून मालवणात घंटागाडी सकाळी फिरली आणि माल दुपारच्या आत टाकीत गेला, तरच शेजार शांत राहील.

आणि आता ज्या मालाचा विचार प्रकल्प मांडताना सर्वांत शेवटी होतो, तो. पावणेचार टन कचरा टाकीत घालताना साधारण तेवढंच पाणी मिसळावं लागतं. गॅस बाहेर पडतो ११५ किलोंचा, सोबत कार्बन डायऑक्साइड. बाकी सगळं, रोज जवळजवळ सात टन, पातळ स्लरी होऊन दुसऱ्या तोंडाने बाहेर येतं. नायट्रोजन, स्फुरद, पालाश बहुतेक सगळं तिच्यातच उरलेलं असतं. वजनाच्या मापाने पाहिलं तर हा गॅसचा कारखाना नाहीच, स्लरीचा आहे. झारापच्या पद्धतीत ती घराच्या पाटातून सुपारी-माडाकडे वाहत जाते आणि प्रश्न संपतो. शहराच्या प्रकल्पाला मात्र गिऱ्हाईक शोधावं लागतं. ऑक्टोबरपासून मेपर्यंत ते मिळेल, माडाच्या आणि कलमांच्या बागा जवळच आहेत. जून ते सप्टेंबर इथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. स्लरी वाळत नाही, बागेत ओतली तर पहिल्याच सरीने विहिरीत नाहीतर खाडीत जाते, आणि टाकीतून येणं तर थांबत नाही. सात टनांच्या हिशेबाने चार महिन्यांची साडेआठशे टन होते. तेवढी झाकून साठवणारे हौद, किंवा पाणी काढून चोथा छपराखाली कुजवण्याची सोय, ही गॅसच्या टाकीपेक्षा जास्त जागा मागते. मालवणात उद्या कुणी असा प्रकल्प मांडला तर नगरपरिषदेच्या सभेत पहिला प्रश्न विचारायला हवा तो या हौदांच्या जागेचा. जांभ्यात ते किती खोल खणायचे, त्यांना अस्तर कशाचं द्यायचं आणि आसपास कुणाची विहीर आहे, हे नकाशावर दाखवा म्हणावं.